मुंबईबाहेरची पटकथा



पटकथालेखन शिकलेल्या मुलामुलीला घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता मुंबईला जाणार का? त्या प्रश्नामागे काळजी असते आणि ती रास्तच आहे. हिंदी चित्रपटाची आणि पुष्कळशा मराठी चित्रपटांची आर्थिक गणितं अंधेरी ते गोरेगावच्या पट्ट्यात ठरतात. पण तिथल्या खोलीचं भाडं भरता भरता लिहिणंच मागे पडलेले तरुणही कमी नाहीत. त्यामुळे जेऊर, गारगोटी, यवतमाळ किंवा फोंड्याला राहून हा व्यवसाय करता येतो का, आणि करायचा तर कसा, हे आजच्या पदवीदानाच्या दिवशी बोललंच पाहिजे.

मराठी सिनेमाला हा प्रश्न नवा नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. ‘प्रभात’ही १९२९ साली कोल्हापुरातच निघाली आणि १९३३ साली पुण्याला आली. पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मागे कथा होती ती नारायण हरी आपट्यांची. त्याच आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘प्रभात’ने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. आपटे साताऱ्याजवळ कोरेगावात राहून लिहीत. पण तेव्हा स्टुडिओच कोल्हापूर-पुण्यात होते, लेखकाला ते हाकेच्या अंतरावर होते. आज तसं नाही, म्हणून नुसता जुना अभिमान सांगून भागणार नाही.

जास्त उपयोगाचं उदाहरण केरळातलं आहे. १९६५ साली एम. टी. वासुदेवन नायर यांनी ‘मुरप्पेण्णु’ची पटकथा लिहिली, तेव्हा मल्याळम सिनेमाचा कारभार मद्रासहून चालत होता. एम. टी. मात्र कोळिकोडला ‘मातृभूमी’ साप्ताहिकाच्या संपादकीय विभागात नोकरीला होते. महिन्याचा पगार चालू होता, त्यामुळे मिळेल ती पटकथा घेण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. पुढे त्यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळाला.

त्यातला एक १९८९ च्या ‘ओरु वडक्कन वीरगाथा’साठी होता. उत्तर मलबारच्या लोकगीतांत चंदू हा दगाबाज आहे: त्याने लोहाराला फितवलं, तलवारीचे लोखंडी खिळे काढून लाकडी बसवले आणि ऐन द्वंद्वात गाण्यांचा नायक आरोमल याची तलवार मोडली, असं पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. एम. टीं.नी ती तलवार पुन्हा हातात घेऊन तपासली आणि अख्खी गोष्ट चंदूच्या बाजूने मांडली. हे धाडस करायला ती गाणी लहानपणापासून कानावर पडलेली असावी लागतात. मद्रासच्या स्टुडिओत बसून ते सुचणं अवघड होतं.

महाराष्ट्रातही अशी सामग्री जागोजाग पडून आहे. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादम उचल देतो ती त्या जोडीला. बायको आजारी पडली तर कोयता अर्धा होतो आणि उचल तशीच राहते. एवढ्या एका गोष्टीत पूर्ण चित्रपटाचा ताण आहे. बीडच्या मुलीला तो सांगावा लागत नाही; अंधेरीतल्या लेखकाला आधी ‘कोयता’ म्हणजे काय हे विचारावं लागतं. दूर राहणाऱ्या लेखकाचं भांडवल हेच आहे आणि ते मोलाचं आहे.

मात्र या भांडवलाची राखण कागदावर करावी लागते, आणि घात बहुतेक वेळा इथेच होतो.

आर. जी. आनंद हे दिल्लीतले वास्तुविशारद आणि नाटककार. १९५३ साली त्यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं. पंजाबी कुटुंब, मद्रासी कुटुंब, दोघांच्या मुलांचं प्रेम आणि आड येणारा प्रांताभिमान, असा त्याचा विषय. नाटक गाजलं. दिग्दर्शक मोहन सेगल १९५५ च्या जानेवारीत दिल्लीला आले आणि आनंदांनी आपल्या कचेरीत त्यांना अख्खं नाटक वाचून दाखवलं. पुढे व्यवहार काही झाला नाही. १९५६ साली सेगलांचा ‘न्यू दिल्ली’ पडद्यावर आला. त्यातही पंजाबी-मद्रासी प्रेमकथाच होती. आनंद कोर्टात गेले. जिल्हा न्यायालयात हरले, उच्च न्यायालयात हरले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. कल्पनेवर किंवा विषयावर कुणाचा मालकी हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर, असं न्यायालयाने सांगितलं. चित्रपटात हुंडा आणि घरभाड्याचे प्रश्नही होते, मांडणी वेगळी होती, म्हणून ती नक्कल ठरली नाही. आजही या विषयावरचा वाद त्याच निकालापाशी येतो.

या निकालातून आजच्या स्नातकांनी घ्यायची गोष्ट स्पष्ट आहे. फोनवर ऐकवलेली वनलाइन ही कुणाचीच मालमत्ता नसते. मुंबईत राहणारा लेखक तोंडी नरेशनवर काही काळ निभावून नेतो, कारण तो रोज भेटतो, बैठकीत दिसतो, त्याची गोष्ट दहाजणांनी ऐकलेली असते. सोलापूरच्या लेखकाला हे साक्षीदार नसतात. त्याने दृश्यागणिक लिहिलेली, संवादांसह पूर्ण झालेली बाउंड स्क्रिप्ट आधी तयार ठेवावी. ती स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी. सभासदाला ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन करता येते. त्याने मालकी आपोआप सिद्ध होत नाही, पण अमुक तारखेला हा मजकूर या लेखकाकडे होता याचा पुरावा हाती राहतो. गोष्ट पाठवायची ती ईमेलने, आणि नरेशन झालं की त्याच संध्याकाळी ‘आज ही पटकथा आपल्याला ऐकवली’ अशा दोन ओळी धाडायच्या. यात संशय घेण्यासारखं काही नाही, सरळ व्यवहार आहे.

करार समोर आला की घाई करू नये. कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या बाजूच्या काही तरतुदी आहेत आणि त्या फार थोड्यांना ठाऊक असतात. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेलं नसेल तर मुदत पाच वर्षं धरली जाते. निर्मात्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात. मात्र करारात याउलट एक ओळ असली की हे संरक्षण संपतं. ती ओळ शोधून वाचायची. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मोठा हक्क दिला: थिएटरातलं प्रदर्शन सोडून इतर मार्गांनी चित्रपट वापरला गेला तर रॉयल्टीतला लेखकाचा समान वाटा त्याला करारानेही सोडून देता येत नाही. टीव्ही आणि ओटीटीच्या काळात या एका कलमाची किंमत फार मोठी आहे.

रिमेकच्या हक्काकडेही असंच दुर्लक्ष होतं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी लिहिलेला ‘सैराट’ २०१६ साली आला. संवादांवर त्यांचे भाऊ भारत मंजुळे यांचं नाव आहे. भाषा तिथल्या मातीची, आणि तरीही पुढच्या दोनच वर्षांत ती गोष्ट कन्नड, पंजाबी आणि हिंदीत गेली. हिंदीत ‘धडक’ झाली तेव्हा उदयपूरला पोचली. गाव जितकं नेमकं तितकी गोष्ट बाहेरच्यांना परकी वाटेल, हे भय सोडून द्यायला एवढा दाखला पुरे. ज्या लेखकाच्या करारात रिमेक आणि डबिंगचा स्वतंत्र मोबदला लिहिलेला नसतो, त्याची गोष्ट चार भाषा हिंडून येते आणि त्याच्या हाती काही लागत नाही.

मुंबईबाहेरच्या लेखकाला दारंही पूर्वीइतकी बंद नाहीत. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) पटकथा कार्यशाळेत निवड होते ती लिहून पाठवलेल्या मजकुरावरून. ‘द लंचबॉक्स’ तिथूनच पुढे गेला. गोव्यात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून भरतो आणि पुढे त्याला जोडून फिल्म बाजारही भरू लागला. सावंतवाडीच्या लेखकाला निर्माते भेटायला मुंबईपेक्षा पणजी जवळ पडते. पहिली काही वर्षं शाळेत शिकवणं, बातमीदारी किंवा आकाशवाणीचं काम करत लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही. एम. टीं.नी तेच केलं.

एक मागणी मात्र विद्यापीठाकडेही आहे. लेखकाच्या हाती येणारे करार इंग्रजीत असतात, वीस-पंचवीस पानांचे असतात, आणि उद्या सकाळपर्यंत सही करून पाठवा, असा निरोप सोबत येतो. चित्रपट विभाग आणि विधी विभाग यांनी एकत्र बसून मराठीत एक नमुना करार तयार करावा: मुदत, मानधनाचे टप्पे, श्रेयनामावलीतली जागा, रिमेकचे हक्क, काम मध्येच थांबलं तर आधीचे पैसे कुणाचे, ही सगळी कलमं साध्या भाषेत. विधी विभागाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दुपार माजी विद्यार्थ्यांचे करार तपासून द्यावेत. त्याला मोठा निधी लागत नाही, एक खोली आणि दोन प्राध्यापक पुरतात. येत्या जूनपासून हे सुरू झालं, तर आज या सभागृहातून बाहेर पडणाऱ्यांचा पहिला करारच तिथे तपासून घेता येईल.