उतारवयातील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ



आज ज्या व्याधीविषयी बोलावयाचे आहे, तिच्याबद्दल आपल्याकडील वडीलधारी मंडळी घरात अवाक्षरही काढत नाहीत. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाभोवती वसलेली ग्रंथी. तारुण्यात तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते आणि ऐंशी ओलांडलेल्या बहुतेक पुरुषांत ही वाढ आढळते. ही वाढ कर्करोग नव्हे, तिचे रूपांतरही कर्करोगात होत नाही. मात्र दोन्ही विकार एकाच वेळी असू शकतात, म्हणून तपासणी हवीच.

मूत्रमार्ग आवळला की धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चारदा उठावे लागते. शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात हे लक्षण लपून राहते. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारा शेतकरी तसाही जागाच असतो. पण शिरूर तालुक्यातील उसाच्या फडांत आता बिबट्याचा वावर आहे. सत्तरीच्या वृद्धाने अंधारात वारंवार घराबाहेर जाणे जिवावर बेतू शकते. त्याच्या खाटेजवळ भांडे ठेवण्यात कसला आला कमीपणा?

एस.टी.च्या प्रवासात पंचाईत नको म्हणून कित्येक जण पाणीच पीत नाहीत. यवत-वरवंडच्या वाटेने पंढरीला निघालेल्या वृद्ध वारकऱ्यांनी तर हे मुळीच करू नये. पाणी दिवसा पुरेसे प्यावे, निजण्यापूर्वी दोन-तीन तास कमी करावे. सर्दीची गोळी मनाने घेऊ नये. तिने लघवी एकाएकी पूर्ण तुंबू शकते. तसे झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

याहून फसवी अवस्था म्हणजे तुंबलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब गळत राहणे. घरच्यांना वाटते, आजोबांना लघवी फार होते. प्रत्यक्षात मूत्रपिंडे निकामी होत असतात.

बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. त्यांपैकी काहींनी उठताना भोवळ येते, म्हणून आधी खाटेवर क्षणभर बसावे. शस्त्रक्रिया लागलीच, तर ती पोटावर छेद न घेता मूत्रमार्गातून दुर्बिणीने होते. तिच्यानंतर वीर्य बहुधा मूत्राशयाकडे जाते. पण ‘पुरुषत्व जाते’ ही भीती अनाठायी आहे.

राहिला खर्च. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पहिल्याच भेटीत सोबत आणावा.