मासळीच्या बियाण्याचा हिशेब कोण मांडणार?
(ढाणकी येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



ढाणकीत उभं राहून समुद्राची गोष्ट सांगतो म्हणून हसू नका. बाजारातून आपण सुकट आणतो, भाकरीबरोबर खातो. ती कोकणातल्या कोळ्याच्या घामाची आहे. आणि आपल्या मोटारीला येणाऱ्या विजेशी त्या कोळ्याचा संबंध आहे.

वीज केंद्रात पाणी तापवून वाफ करतात, वाफेवर चाक फिरतं. जेवढी उष्णता तयार होते तिची जेमतेम तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत वीज होते. बाकीची टाकून द्यावी लागते. वाफ थंड करायला पाणी लागतं. तारापूरच्या अणुकेंद्रात 1969 साली पहिल्या दोन भट्ट्या सुरू झाल्या, 2005 आणि 2006 साली 540 मेगावॅटच्या आणखी दोन. तिथं समुद्राचं पाणी ओढतात आणि कोमट करून परत सोडतात.

त्या पाण्यात काय असतं? माशांची अंडी, कोळंबीची आणि खेकड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिलं. मोठा मासा जाळीवर आपटून अडकतो. बारीक जीव जाळीतून पार होतात, पंपात घुसळले जातात, गरम नळ्यांतून जातात. नळ्यांत शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन सोडतात, तेही त्यांच्या अंगावर. पाणी परत जातं, पण त्यातले कितीतरी जीव मेलेले असतात.

कोणी म्हणेल, हजार अंड्यांतली बहुतेक अशीही मरतातच. खरं आहे. म्हणूनच नुकसान डोळ्यांत भरत नाही, आणि म्हणूनच ते मोजलं पाहिजे. पेरलेलं सगळंच उगवत नाही, म्हणून कोणी आपलं बियाणं उचलून नेलं तर आपण गप्प बसतो का?

आणखी एक पाहा. मासळीची वीण व्हावी म्हणून 1 जून ते 31 जुलै कोळ्याची यांत्रिक होडी कायद्यानं किनाऱ्यावर बांधलेली असते. पंपाला मात्र अशी बंदी नाही.

जैतापूरला 9,900 मेगावॅटचं केंद्र योजलं आहे. त्यातून रोज सुमारे 5,200 कोटी लिटर कोमट पाणी समुद्रात जाईल असा अंदाज आहे. साखरी नाट्याचे कोळी त्याविरुद्ध उठले ते उगाच नाही. जमीन गेली तर सातबारा दाखवून मोबदला मागता येतो. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

भावांनो, हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. 2018 पासून हमीभाव खर्चाच्या दीडपट म्हणतात, पण त्या खर्चात आपल्याच जमिनीचा खंड धरत नाहीत. तसंच विजेच्या दरात कोळ्याचं बियाणं धरत नाहीत. खर्च लपवला की माल स्वस्त दिसतो. भरतो तो दुसराच.

वीज आपल्याला हवी आहे, रात्रीची नको, दिवसाची हवी आहे. पण उपाय आहेत. पाणी हळू ओढलं तर मासा निसटू शकतो. बारीक जाळ्या बसवता येतात. मनोरे बांधून तेच पाणी फिरवलं तर ओढ फार कमी होते, खर्च वाढतो. कॅलिफोर्नियानं 2010 साली आपल्या किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी ही ओढ कमी करण्याचं धोरण केलं. आपल्याकडे का नाही?

म्हणून मागणी एकच : प्रत्येक केंद्रानं किती जीव ओढले हे मोजावं, आकडे कोळ्यांसमोर मांडावेत आणि भरपाई विजेच्या खर्चात धरावी. आज कोळ्याच्या हिशेबासाठी आपण बोललो, तर उद्या आपल्या हिशेबासाठी तो उभा राहील.