‘मिसिंग’ची नोंद
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मी व्याजदरावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. आज वेगळंच बोलायचंय, आणि संबंधितांना विचारूनच बोलतोय.

सोसायटीच्या चौथ्या वर्षी, गणपतीत, बी विंगमधला नऊ वर्षांचा मुलगा संध्याकाळी सातनंतर दिसेना. गच्ची, पाण्याची टाकी, मागची गल्ली, सगळं पालथं घातलं. नऊला त्याचे आईवडील आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. “गणपती बघत फिरत असेल, येईल. चोवीस तास वाट बघा,” म्हणत हवालदारांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मी काय केलं? नोंदीचा नंबर मागून घेतला आणि समाधानाने बाहेर आलो! नंबर मिळाला की काम झालं, ही बँकेतली सवय. वहिनी मात्र बाकावरून हलल्या नाहीत. “भाऊजी, पण शोधायला कोण गेलं?” कुणीच गेलं नव्हतं. पोरगं पहाटे एस.टी. स्टँडवर सापडलं, तेही कँटीनवाल्याने जवळ बसवून ठेवलं म्हणून.

चोवीस तासांचा नियमच आहे, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. तसा नियम नाही. नोएडातल्या निठारीत मुलं एकामागून एक नाहीशी होत होती, गरीब आईबापांच्या तक्रारी कुणी मनावर घेतल्या नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून सांगाडे निघाले. पुढे मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अठराच्या आतलं मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर घ्यायचाच, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास करायचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो.

पोलिसांवर कामाचा बोजा आहे, मान्य. सणासुदीला तर विचारू नका. पण पहिले काही तास गेले की मूल कुठल्या गाडीत बसून कुठे पोचेल, सांगता येत नाही. तेव्हा नुसत्या ‘मिसिंग’च्या नोंदीवर माझ्यासारखे परत येऊ नका. एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. हद्द दुसरी असली तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो. नाहीच घेतला तर पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, लेखी कळवा. दरम्यान १०९८ किंवा ११२ लावा.

आणि सेक्रेटरीसाहेब, गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आठ दिवसांत पुसलं जातं, तेवढं महिन्याचं करून घ्या. खर्चाचं मी बघतो.