वाचकाची वाट : ग्रंथालयाचे संकेतस्थळ, त्याचा नकाशा आणि निगराणी



महमूद गवानने १४७२ मध्ये बीदर येथे उभारलेल्या मदरशात सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती, असे सांगितले जाते. पुढे १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटाने त्या वास्तूचा मोठा भाग ढासळला. ग्रंथसंपदा नष्ट होण्याचा हा एक प्रकार. दुसरा प्रकार निःशब्दपणे घडतो. ग्रंथ कपाटात सुखरूप असतो. पण त्याच्यापर्यंत जाण्याची वाट कोणालाच ठाऊक नसते. सीमाभागातील मराठी ग्रंथालयांना या दुसऱ्या प्रकाराचेच भय अधिक. येथील वाचकांची पुढची पिढी शिक्षण व नोकरीसाठी दूर गेली आहे. तिच्यापुरते ग्रंथालयाचे दार म्हणजे संगणकाचा वा मोबाईलचा पडदा होय.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविण्याला स्वतंत्र स्थान आहे. संकेतस्थळाची मांडणी याच कसोटीवर करावी. मुखपृष्ठावर पाच-सहाच दारे असावीत : ग्रंथसूची, हस्तलिखिते, नियतकालिके, सभासदत्व, वेळ व पत्ता. ‘उपक्रम’, ‘संकीर्ण’ अशी नावे कार्यकारिणीला सोयीची वाटली, तरी वाचकाला काहीच सांगत नाहीत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मुखपृष्ठ – ग्रंथसूची – चरित्रे’ असा माग दाखविला, म्हणजे मध्येच येऊन पोहोचलेल्या वाचकालाही आपण कोठे आहोत, हे कळते.

या भागात नावांचा प्रश्न विशेष बिकट आहे. गुलबर्ग्याचे अधिकृत नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले; जुन्या पुस्तकांवर मात्र गुलबर्गाच आहे. बसवकल्याण जुन्या लेखनात कल्याणी म्हणून आढळते. बीदरजवळील नौबादचा भूमिगत जलमार्ग कोणी ‘कारेझ’ म्हणून शोधील, कोणी ‘सुरंग बावी’ म्हणून. जुन्या तालिकापत्रांवर ‘पाहा’ अशी नोंद करून ग्रंथपाल ही अडचण सोडवीत. पडद्यावरही तेच करावयाचे आहे. दोन्ही नावांनी शोधणारा वाचक एकाच पानावर पोहोचला पाहिजे.

मांडणीइतकाच नकाशा महत्त्वाचा. वाचकासाठी सर्व विभागांची एक पानभर यादी असावी. शोधयंत्रांसाठी वेगळी, ठरावीक नमुन्यातील यादी लागते. ही पद्धत गूगलने २००५ मध्ये सुरू केली आणि २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. अशा एका यादीत पन्नास हजारांपर्यंत पत्ते मावतात. लहान ग्रंथालयाला एक यादी पुरेशी आहे. यादी दिली म्हणजे शोधात स्थान मिळेलच, अशी हमी नाही. त्यातही पुस्तकाचे नुसते छायाचित्र चढविले किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातील मजकूर तसाच ठेवला, तर देवनागरीत शोधणाऱ्याच्या हाती तो बहुधा लागणार नाही. निदान ग्रंथनाम, लेखक, वर्ष आणि विषय युनिकोडमध्ये टंकलिखित करावेत.

खरी परीक्षा उद्घाटनानंतर सुरू होते. ग्रंथांची वार्षिक पडताळणी होते, तशी दुव्यांचीही व्हावी. तुटलेला दुवा म्हणजे जागेवर नसलेले पुस्तकच. पानाचा पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी कायमची व्यवस्था करावी. नवी पाने नकाशात येत आहेत ना, हे दर तिमाहीला पाहावे. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच मालकीचे असावे, त्याच्या नूतनीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा आणि प्रवेशाचे संकेतशब्द किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत. अन्यथा एका उत्साही कार्यकर्त्याने गाव सोडताच सारे श्रम वाया जातात.

ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे रंगनाथनांचे पाचवे सूत्र. ग्रंथ वाढतील, तशी वाटही वाढवावी लागेल. शताब्दीनिमित्त देणग्या येतील, त्यांतून नवी कपाटे अवश्य घ्यावीत. पण त्या कपाटांपर्यंत वाचकाला आणणाऱ्या वाटेसाठीही एक माणूस आणि थोडा निधी कायमचा राखून ठेवावा.