हॅलोवीनची कुळकथा



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय पाहून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटली असेल. परंतु ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी भुताखेतांची सोंगे घेऊन खाऊ मागत हिंडणारी मुले आता आपल्या शहरांतील गृहसंकुलांतूनही दिसू लागली आहेत, आणि घरोघर त्यावरून वाद झडू लागले आहेत. हे भूतपूजन आहे, असे आजोबा म्हणतात. नुसती गंमत आहे, असे नातू म्हणतो. या सणाचे कूळ काय, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी : प्राचीन केल्ट लोकांचा साउइन हा मृतांचा सण होता; चर्चने तो बळकावला आणि त्याला संतांचे नाव दिले. कथा सुटसुटीत आहे. पुरावा मात्र तिला पुरत नाही.

साउइन होता, याविषयी शंका नाही. आयरिश भाषेत आजही नोव्हेंबर महिन्याचे नाव तेच आहे. त्या सुमारास हिवाळ्याचे अर्धवर्ष लागे. डोंगरकुरणांतील गुरे खाली आणली जात आणि हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती मारली जात. मध्ययुगीन आयरिश कथांत त्या रात्री टेकड्या उघडतात आणि आतील अमानवी लोक बाहेर पडतात. परंतु या कथा लिहून काढल्या त्या ख्रिस्ती लेखकांनी, आयर्लंड ख्रिस्ती होऊन काही शतके लोटल्यावर. आणि साउइनला पितरांसाठी विधी होत असत, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. साउइन हे केल्टांचे नववर्ष, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात जॉन ऱ्हीस या वेल्श पंडितांनी मांडली. जेम्स फ्रेझर यांनी तीवर मृतांच्या सणाचा कळस चढवला, आणि त्यांच्या ‘द गोल्डन बाऊ’चा दरारा एवढा की पुढे बहुतेकांनी पुरावा मागितलाच नाही. १९९६ साली रोनाल्ड हटन या इंग्रज इतिहासकारांनी ही सारी उतरंड उतरवून तपासली.

आता चर्चची बाजू पाहू. रोममधील पँथिऑन हे देवालय इ. स. ६०९ च्या सुमारास १३ मे रोजी मेरी आणि हुतात्म्यांना अर्पण झाले. सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला पाळला जात असल्याचे इ. स. ८०० च्या आगेमागे दिसते ते इंग्लंडात आणि जर्मन प्रदेशात. ८३५ मध्ये फ्रँक सम्राट लुई याने तो आपल्या राज्यात सर्वत्र लागू केला. आयर्लंडात मात्र त्या काळी हा सण २० एप्रिलला होत असे! साउइन झाकण्यासाठीच तारीख बदलली असती, तर पहिला बदल आयर्लंडात नको होता का? संतदिनाच्या पूर्वसंध्येला इंग्रजीत जे नाव पडले, त्याचाच संक्षेप होऊन ‘हॅलोवीन’ झाले.

मृतांचा संबंध जोडला गेला तो येथे. क्लुनीच्या मठाचे प्रमुख ओडिलो यांनी इ. स. १००० च्या आगेमागे २ नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. मृतात्मे शुद्ध होईपर्यंत यातना भोगतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्या हलक्या होतात, ही त्यामागील श्रद्धा. पुढे इंग्लंडात गरीब माणसे दारोदार जाऊन छोट्या पोळ्या मागत आणि मोबदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. धर्मसुधारणेने सोळाव्या शतकात ही श्रद्धाच नाकारली. पोळ्या मागणे मात्र चेशायर-श्रॉपशायरसारख्या भागांत विसाव्या शतकापर्यंत रेंगाळले. आमच्या मते आजच्या खाऊ मागण्याचे मूळ शोधायचे तर या पोळ्यांना विसरून चालणार नाही. आपल्याला येथे सर्वपित्री अमावास्या आठवेल. बंगालात राहिलेल्यांना भूतचतुर्दशीचे चौदा दिवेही. पण साम्य म्हणजे नाते नव्हे.

उरले भोपळ्याचे प्रकरण. आयर्लंड-स्कॉटलंडात मुले सलगम कोरून दिवे करीत आणि सोंगे घेऊन हिंडत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसे देशोधडीला लागली आणि अमेरिकेस पोचली. तेथे भोपळा उदंड. सलगमापेक्षा मोठा, कोरायलाही सोपा. परमुलखात गेलेल्या माणसांनी हाताशी येईल त्यावर सण निभावून नेला, हे आपणा मंडळींना निराळे सांगावे लागू नये. उकडीच्या मोदकांसाठी तांदळाची पिठी शोधत आपणही फिरलो आहोत. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, हा दम मात्र उत्तर अमेरिकेतला, १९२० ते १९४० च्या दरम्यान रुजलेला. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग झाले तेव्हा तोही काही काळ थंडावला.

तेव्हा नातवंडांना खुशाल हिंडू द्यावे, असे आमचे मत आहे. आणि ज्यांना या सणाचे मूळ गांभीर्य पाहायचे आहे, त्यांनी दोन दिवस थांबून २ नोव्हेंबरला वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या चर्चच्या दफनभूमीत जावे. तेथे कबरी झाडूनपुसून फुलांनी सजवलेल्या असतात, मेणबत्त्या तेवत असतात, आणि घरची माणसे गेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत उभी असतात.