ट्रॉली जोडण्याआधी खाली वाकून बघा

गळीत हंगाम संपला की मंद्रूपच्या शिवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधावर नाहीतर शेडमध्ये उभ्या राहतात, त्या बऱ्याचदा थेट दिवाळीच्या सुमारास हलतात. तेवढ्यात पाट्याखाली, पोकळ पाइपात गांधीलमाशी घर करते.

करड्या कागदासारखं, खाली तोंड असलेल्या षटकोनी घरांचं पोळं दिसलं, तर ते तिचंच. लाकडाचा भुगा चावून, लाळेत कालवून ती हा कागद बनवते. पोळं चार-दोन घरांचं असेल तर अंधार पडल्यावर, अंगभर कपडे घालून, लांब काठीनं पाडता येतं. मोठं झाल्यावर जाणकारालाच बोलवा. टेंभा तर मुळीच पेटवू नका. टायर, ग्रीस, तेल सगळं शेजारीच असतं. चिखलाचे गोळे असतील तर ती कुंभारमाशी. ती सहसा डसत नाही.

अंधाऱ्या खोक्यात मेणाची ओळीनं लटकलेली पोळी म्हणजे सातेरी मधमाशी. तिला कृपा करून मारू नका. आपलं सूर्यफूल, कांद्याचं बी तिच्यामुळे भरतं. तिची वसाहत मधपेटीत हलवता येते. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या कामात आहे.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो लगेच नखानं खरवडून काढा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, पुन्हा पुन्हा डसते. डसल्यावर दम लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा.