हबीब तन्वीर : उपेक्षितांच्या वाणीचा रंगमंच



कला तळागाळातील माणसापर्यंत पोहोचावी, ही भावना सर्वांनाच मान्य आहे. परंतु शहरात सिद्ध झालेले नाटक खेड्यात नेले, दोन तास दाखवले आणि पडदा गुंडाळून मंडळी परतली, म्हणजे हे कार्य पूर्ण झाले काय? थोर नट, नाटककार व दिग्दर्शक हबीब तन्वीर यांची रंगयात्रा या प्रश्नाचे उत्तर देते.

१ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. १९४५ साली ते मुंबईत आले. आकाशवाणीत काम करीत असतानाच भारतीय जननाट्य संघाशी, म्हणजेच 'इप्टा'शी त्यांचे नाते जडले. १९५४ साली दिल्लीत त्यांनी 'आग्रा बाजार' सादर केले. जनकवी नझीर अकबराबादी यांच्या काव्यावर बेतलेल्या त्या नाटकात विद्यार्थ्यांबरोबर ओखला गावचे साधे रहिवासीही रंगमंचावर उभे राहिले. पुढच्याच वर्षी ते लंडनला नाट्यशिक्षणासाठी गेले. बर्लिनमध्ये त्यांनी ब्रेख्तची नाटके पाहिली. परकीय भूमीवर त्यांना एक सत्य उमगले : स्वतःच्या मातीत मुळे नसतील, तर उसन्या विद्येला फळ धरत नाही.

१९५८ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी 'मिट्टी की गाड़ी' या नाटकासाठी छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यातील सहा कलावंत दिल्लीस आणले. १९५९ मध्ये पत्नी मोनिका मिश्र यांच्या साथीने 'नया थिएटर' ही संस्था उभी राहिली.

येथेच खरी कसोटी होती. नाचाचे कलावंत बहुधा शेतीवर राबणारे व निरक्षर. गावच्या चौकात रात्रभर प्रेक्षकांना खिळवून ठेवणारे हेच नट शहरी मंचावर मात्र अवघडून जात. तन्वीर यांनी दीर्घकाळ कारण शोधले. नट कमी पडत नव्हते. अपेक्षाच चुकीची होती. त्यांच्यावर परकी हिंदी आणि आखून दिलेल्या हालचाली लादल्या जात होत्या. १९७० नंतर तन्वीर यांनी हे बंधन सोडले व नटांना छत्तीसगढीत बोलू दिले. मग काय, अवघडलेपण गळून पडले! १९७३ च्या रायपूर येथील शिबिरानंतर या नव्या वाटेला निश्चित दिशा मिळाली.

याच वाटेवर १९७५ साली 'चरणदास चोर' जन्मले. विजयदान देथा यांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेवर ते आधारलेले आहे. एक चोर गुरूपुढे गमतीने चार प्रतिज्ञा करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राजा होणार नाही, राणीशी विवाह करणार नाही. गुरू पाचवी प्रतिज्ञा घालतो : असत्य बोलणार नाही. पुढे नेमके हेच सारे मोह समोर उभे राहतात. चोर व्रत मोडत नाही आणि प्राणाला मुकतो. अणुव्रतांचे संस्कार लाभलेल्या श्रोत्यांना या कथेचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९८२ मध्ये एडिंबरो येथील नाट्यमहोत्सवात या नाटकाला 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार लाभला. छत्तीसगढी न जाणणाऱ्या प्रेक्षकांनीही ते डोक्यावर घेतले.

तन्वीर स्वतः कसलेले नट; तथापि या नाटकातील चोराची मुख्य भूमिका त्यांनी नाचाच्या नटाकडे सोपविली. पुढे तीच भूमिका गाजविणारे गोविंदराम निर्मलकर यांना २००९ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. तन्वीर यांना पद्मश्री १९८३ मध्ये व पद्मभूषण २००२ मध्ये मिळाले होते. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे त्यांचे निधन झाले.

सेवाकार्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेने या जीवनातून एक बोध घ्यावा. वंचितांना काही देणे हे पुण्यकर्म खरेच. पण त्यांच्याजवळ जे आहे ते ओळखणे, त्याला मान देणे आणि स्वतः एक पाऊल मागे सरून त्यांना पुढे उभे करणे, ही त्याहून कठीण साधना आहे. हबीब तन्वीर यांनी ती आयुष्यभर केली.

जय जिनेंद्र!